घरचे मांजर आणि नवा ससा

पंचतंत्राच्या ‘काकोलूकीय’ या तिसऱ्या तंत्रात ससा, कपिंजल पक्षी आणि मांजर यांची एक कथा आहे. राहत्या जागेवरून ससा व कपिंजल यांच्यात वाद होतो आणि निवाड्यासाठी दोघेही नदीकाठी धर्माचरणाचा आव आणून बसलेल्या एका मांजराकडे जातात. वार्धक्यामुळे ऐकू येत नाही, जरा जवळ या, असे सांगून मांजर त्यांना पंजाच्या टप्प्यात घेते आणि वादी व प्रतिवादी अशा दोघांचाही निकाल एकदमच लावते. कथेचा रोख राजनीतीवर असला, तरी ती रचणाऱ्यास मांजराची व सशाची चांगली पारख होती, याबद्दल शंका नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांत मांजर मुद्दाम पाळलेले असतेच असे नाही. ज्या घरात शाळूची कणगी, गुळाच्या ढेपा आणि शेंगांची पोती असतात तेथे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागून मांजर येते. दूधभाताचे चार घास मिळू लागले की ते त्या घरचे होते. ससा मात्र हौसेने आणला जातो. मुलांचा हट्ट, शाळेतील एखादा उपक्रम किंवा नातेवाइकांनी दिलेली भेट, असे काहीतरी निमित्त होते आणि पांढऱ्या शुभ्र सशाचे एक पिल्लू कोंबड्यांच्या डालग्याखाली किंवा खोक्यात घालून ओसरीवर ठेवले जाते. पहिल्या काही दिवसांतच ते दगावल्याचे पुष्कळदा ऐकू येते. अंगावर जखम नसते, रक्ताचा थेंबही नसतो. त्यामुळे ‘ससा नाजूक, हवा मानवली नाही’ असे म्हणून विषय संपतो. रात्रभर डालग्याभोवती फिरणाऱ्या मांजराचा या मृत्यूशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनात येत नाही.

भीतीने होणारे मरण

ससा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे आणि त्याचे सर्व शरीर याच एका गोष्टीसाठी घडलेले आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. केवळ नाकासमोरचा थोडासा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. मागील पायांचे स्नायू अतिशय बळकट असतात. हाडे मात्र हलकी असतात. सशाच्या सांगाड्याचे वजन त्याच्या शरीराच्या सुमारे ७ ते ८ टक्केच भरते. परिणामी, घाबरलेल्या सशाने बंद जागेत जोराने लाथ झाडली, तर त्याच्याच स्नायूंच्या जोराने पाठीचा कणा मोडू शकतो. मागचे पाय लुळे पडलेला ससा पाहून ‘वारे गेले’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा कारण हे असते.

दुसरे कारण पोटातील आहे. सशाचे आतडे सतत हालते राहावे लागते आणि त्यासाठी त्याने दिवसरात्र थोडेथोडे चरत राहावे लागते. भयभीत ससा खाणे थांबवतो. खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, पोटात वायू धरतो आणि दुखण्यामुळे तो आणखी खात नाही. ससा ओकू शकत नाही, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. १२ तास काहीही न खाल्लेला आणि लेंड्या न टाकलेला ससा हा तातडीच्या उपचारांचा रोगी समजावा. मांजराने त्याला स्पर्शही केलेला नसताना केवळ सान्निध्याने असा प्रसंग ओढवू शकतो.

याउलट मांजर हे पूर्णपणे मांसाहारी जनावर आहे. त्याचे पोट भरलेले असले म्हणजे ते शिकार करणार नाही, हा समज चुकीचा आहे. भूक आणि शिकारीची प्रेरणा या मांजराच्या ठिकाणी बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात. ताटलीतील दूध तसेच ठेवून उंदरावर झडप घालणारे मांजर कोणी पाहिले नाही? तेव्हा मांजराला दुप्पट दूध पाजून सशाजवळ सोडण्याचा उपाय कुचकामी आहे.

शिकार जन्मजात की शिकवलेली?

असे असताना एकाच घरात ससा आणि मांजर शेजारी पहुडलेले दिसतात, तेही खोटे नसते. याचा उलगडा करू पाहणारा एक जुना प्रयोग उद्बोधक आहे. चीनमधील मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० साली मांजरांच्या पिल्लांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही पिल्ले त्यांनी उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढवली, काही एकएकटी वाढवली, तर काही पिल्ले उंदरांच्या सोबतीनेच वाढवली. आईची शिकार पाहत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्ले पुढे उंदीर मारू लागली. एकट्या वाढलेल्या २० पैकी ९ पिल्लांनी उंदीर मारले. उंदरांसोबत वाढलेल्या १८ पिल्लांपैकी मात्र केवळ तिघांनी शिकार केली आणि तीही आपल्या सोबत्यांच्या जातीची नव्हे, तर वेगळ्या जातीच्या उंदरांची.

या प्रयोगाचा घरगुती अर्थ स्पष्ट आहे. मांजराच्या पिल्लाचे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचे वय हे सोबती ओळखण्याचे वय असते. या वयात त्याने पूर्ण वाढलेला ससा रोज पाहिला, त्याचा वास घेतला, तर तो त्याच्या लेखी घरातील एक घटक ठरतो. परंतु कौलांवरून फिरणारे, आईने उंदीर आणून आणून शिकवलेले चार वर्षांचे मांजर आणि दीड महिन्याचे सशाचे पिल्लू ही जोडी जमण्याची आशा फारच थोडी असते. मूठभर आकाराचे, तुरुतुरु पळणारे ते पिल्लू मांजराच्या दृष्टीने सशाचे नसून उंदराचेच असते.

म्हणून ज्या घरात पट्टीचे शिकारी मांजर आहे, त्या घरी सशाचे लहान पिल्लू आणू नये, हेच योग्य होय. हौस असेलच, तर ५-६ महिन्यांचा, दोन किलोंच्या पुढचा ससा आणावा. गावठी मांजराचे वजन साधारणपणे तीन-चार किलो असते. आपल्या निम्म्याहून मोठ्या आणि पाय आपटणाऱ्या प्राण्यावर सहसा ते एकदम चाल करून जात नाही. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने अभ्यासलेल्या सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट यांसारख्या मांसल जातींचे ससे तर मांजराएवढेच भरतात. तथापि, आकार हे संरक्षण नव्हे. त्यामुळे फक्त धोका कमी होतो.

आधी निवारा, मग ओळख

शहरी पुस्तकांतून दिला जाणारा सल्ला बहुधा बंद घरातील मांजर गृहीत धरतो. आपल्याकडील परिस्थिती वेगळी आहे. येथे घरच्या मांजराला समजावले, तरी माळ्यावरून उतरणारा परका बोका, परसातील मुंगूस, भिंतीला भोक पाडणारी घूस आणि भटके कुत्रे यांना कोण समजावणार? म्हणून पहिला खर्च सशावर न करता पिंजऱ्यावर करावा.

डालगे किंवा खोके हा सशाचा निवारा नव्हे. डालगे मांजर सहज उलथवते. पिंजरा जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, पायांवर उभा असावा. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली असावी. कोंबड्यांसाठी वापरतात ती षटकोनी पातळ जाळी उपयोगाची नाही, कारण तिच्यातून मांजराचा पंजा आत जातो आणि झोपलेल्या सशाचा कान किंवा पाय बाहेर ओढला जातो. सर्व तळ जाळीचा ठेवल्यास सशाच्या पायाला जखमा होतात, म्हणून निम्म्या भागावर फळी टाकावी. कडी अशी असावी, की ती धक्क्याने उघडणार नाही. मांजर कडी काढत नाही, पण दार हलवून पाहते, आणि ते रोज पाहते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिंजऱ्याच्या आत एक अंधारी पेटी हवी. तिला दोन तोंडे असल्यास उत्तम. ज्याला लपता येते तो ससा कमी घाबरतो. चोहोबाजूंनी उघड्या पिंजऱ्यातील सशाची अवस्था टांगणीला लागलेल्या कैद्यासारखी होते.

पिंजऱ्याची जागा ठरवताना मांजराच्या वाटेचाही विचार करावा. मांजर वरून येते. पिंजऱ्यावर उडी घेता येईल अशी खिडकी, फळी किंवा धान्याचे पोते जवळ नसावे. छपरावर मांजर बसून राहत असेल, तर खालच्या सशाची चित्तवृत्ती कशी असेल याची कल्पना करता येते.

परिचयाचे दिवस

नवा ससा घरी आल्यावर पहिले १४ दिवस त्याला स्वतंत्र खोलीत ठेवावे. या काळात एखादा रोग असल्यास तो दिसून येतो, आणि सशालाही जागेची व माणसांची सवय होते. याच दिवसांत वासाची ओळख करून द्यावी. मांजर ज्या गोणपाटावर झोपते त्याचा तुकडा पिंजऱ्यापासून काही अंतरावर ठेवावा आणि सशाच्या अंगावरून फिरवलेले फडके मांजराच्या जेवणाच्या जागी ठेवावे. दोन्ही प्राणी जगाला डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक ओळखतात. फडक्याचा वास घेऊन मांजर निघून गेले आणि ससा खात राहिला, म्हणजे पुढचे पाऊल टाकण्यास हरकत नाही.

त्यानंतर जाळीआडून भेट घडवावी. ही भेट पाच मिनिटांची पुरे. मांजराचे जेवण झालेले असावे, वेळ दुपारची म्हणजे त्याच्या झोपेची असावी, आणि घरात गडबड नसावी. शिकारीची प्रेरणा पहाटे व संध्याकाळी अधिक जागी असते, म्हणून त्या वेळा टाळाव्यात. मांजर जाळीपाशी न थांबता आडवे झाले किंवा अंग चाटू लागले, तर ते शुभचिन्ह समजावे. परंतु त्याने डोळे रोखले, शेपटीचे टोक झटकू लागले, पोट जमिनीला टेकवून मागचा भाग हलवू लागले, तर भेट तेथेच थांबवावी. हे खेळणे नव्हे, झडपेची तयारी असते. सशाच्या बाजूनेही खुणा असतात. कान मागे चिकटवून थिजून बसणे, मागचा पाय जोराने आपटणे, डोळे विस्फारणे या भीतीच्या खुणा होत. थिजलेल्या सशाला ‘किती शांत बसला आहे’ असे म्हणणारी माणसे पुष्कळ भेटतात. शांत ससा पाय पसरून बसतो, गवत खातो, तोंड धुतो. थिजलेला ससा श्वासापुरताच हलतो.

जाळीआडच्या अशा भेटी किमान दोन-तीन आठवडे चालाव्यात. नंतर मोकळ्या खोलीत भेट घडवायची, तर दोन मोठी माणसे हजर असावीत आणि ससा कोणाच्या हातात नसावा. उचललेला ससा घाबरला की उडी घेतो, आणि तेवढ्या उंचीवरून पडूनही त्याचा पाय मोडतो. शिवाय पळणारा ससा पाहून मांजराने पाठलाग करणे हा त्याचा स्वभावच आहे. सशाला शिरण्यासाठी पेटी आणि मांजराला चढण्यासाठी उंच जागा, अशा दोन्ही सोयी खोलीत असाव्यात. मांजराला मारणे किंवा त्याच्यावर ओरडणे टाळावे. मार बसल्याची आठवण सशाशी जोडली गेल्यास सगळे श्रम वाया जातात.

यातून कधी कधी खरोखरच सख्य जमते. ससा मांजरासमोर डोके खाली करून चाटून घेण्याची अपेक्षा करतो, मांजरही चाटते. अनेक ठिकाणी तर मांजरच सशाला भिऊन राहते, विशेषतः नर ससा वयात आल्यावर. मात्र सख्य जमले तरी घरी कोणी नसताना आणि रात्री ससा पिंजऱ्यातच असला पाहिजे. हा नियम सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सैल करण्याचे कारण नाही.

शेतात सापडलेले पिल्लू

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो आणि त्यातून एक गंभीर घोटाळा होतो. पिंजऱ्यातील पाळीव ससा मूळचा युरोपातील. तो बिळात राहणारा, त्याची पिल्ले उघडी व डोळे मिटलेली जन्मतात आणि साधारण दहाव्या दिवशी डोळे उघडतात. माण, खटाव, आटपाडी, जत येथील माळांवर किंवा सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात दिसतो तो भारतीय रानससा. तो बीळ करीत नाही. त्याची पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. दोहोंचा संकर होत नाही. पाळीव सशाच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, तर रानसशाच्या पेशीत ४८.

गवत कापताना किंवा उसाच्या तोडणीत रानसशाचे एकटे पिल्लू सापडते. आई आसपास दिसत नाही. दयेपोटी मुले ते घरी आणतात आणि त्याच संध्याकाळी घरच्या मांजराशी त्याची गाठ पडते. मांजरापासून वाचले, तरी गाईच्या दुधावर ते सहसा जगत नाही. वस्तुतः ते अनाथ नसतेच. शत्रूला माग लागू नये म्हणून रानससाची मादी पिल्लांपासून दूर राहते आणि तिन्हीसांजेनंतर थोडा वेळ येऊन पाजून जाते. म्हणून पिल्लू जेथे सापडले तेथेच, किंवा तोडणी चालू असल्यास लगतच्या बांधावरील गवतात, ठेवून माणसांनी व कुत्र्यांनी दूर व्हावे, हाच खरा उपकार.

शिवाय रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पकडणे व पाळणे हा गुन्हा आहे. शिराळ्याच्या नागपंचमीच्या निमित्ताने या कायद्याची चर्चा सांगली जिल्ह्यात एवढी झाली, की त्याचे नाव तेथे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु तो सशालाही लागू आहे, याची जाणीव कमी आढळते. हीच गोष्ट मांजराच्या बाबतीतही खरी आहे. उसाच्या फडात सापडणारी ठिपक्याठिपक्यांची पिल्ले नेहमीच गावठी मांजराची नसतात. ती वाघाटीची असू शकतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असून पूर्ण वाढ झाल्यावरही तिचे वजन दीड किलोच्या आसपासच असते. अशी पिल्ले हलवू नयेत, वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे. शिक्षकांनी ऊसतोडणीच्या हंगामात ही माहिती वर्गात सांगितल्यास त्याचा मोठा उपयोग होईल.

ऊन, वैरण आणि रोग

सशाला घाम येत नाही. तो उष्णता प्रामुख्याने कानांवाटे टाकतो आणि तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ही अडचण कमी, पण तेथे पावसाळ्यातील ओल व घाण यांमुळे अंगात अळ्या पडण्याचे भय असते. जत, आटपाडी, माण भागात मात्र एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली ससा ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. ओले बारदान, मातीच्या भांड्यातील पाणी आणि झाडाची सावली यांची सोय करावी. मांजराच्या भीतीने पिंजरा बंद खोलीत नेला जातो आणि ससा उष्म्याने जातो, असेही घडते.

त्याच्या आहारात मुख्य वाटा गवताचा असावा. मारवेल, हरळी, थोडा लसूणघास चालतो. कुसळी गवताची कुसे तोंडात व डोळ्यांत घुसतात, म्हणून ते टाळावे. भाकरी, भात, बिस्किटे, गूळ हे लाड सशाच्या पोटाला घातक ठरतात. मांजराच्या ताटलीतील अन्नही त्याला मिळू देऊ नये.

वैरण कापताना एक पथ्य पाळावे. जेथे मांजरे विष्ठा करतात त्या जागेचे गवत सशाला घालू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा प्रसार होतो. त्याची बाधा सशाला होते आणि गर्भवती स्त्रीला झाल्यास गर्भाला अपाय होऊ शकतो, म्हणून गर्भवती स्त्रियांनी मांजराची घाण काढण्याचे काम करू नये. गजकर्ण हा त्वचारोगही ससा, मांजर व मुले यांच्यात सहज फिरतो. मांजराला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर टोचून घ्यावी आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ती चालू ठेवावी. भेटीगाठींच्या वेळी मांजराने माणसाला चावा घेतला किंवा ओरबाडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद किंवा चुना भरून वाट पाहत बसू नये.

औषधांच्या बाबतीत तर फारच सावध राहणे जरूर आहे. मांजराच्या पिसवांसाठी मानेवर सोडतात त्या फिप्रोनिलयुक्त औषधाने ससा मरू शकतो. ॲमॉक्सिसिलिनसारखी तोंडावाटे देण्याची प्रतिजैविके मांजराला चालतात, पण सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारून त्याचा प्राण घेऊ शकतात. ‘जनावर ते जनावर’ असे समजून उरलेले औषध दुसऱ्याला पाजण्याची सवय येथे जिवावर बेतते.

मांजराच्या दातांत व नखांत पाश्चुरेला नावाचे जंतू बहुधा असतातच. सशाला झालेली जखम दाभणाच्या टोकाएवढी असली, तरी आत गळू धरते. सशाचा पू दह्यासारखा घट्ट असल्याने तो आपोआप वाहून जात नाही. म्हणून मांजराने सशाला धरल्याचे दिसल्यास, केस बाजूला करून जखम सापडो वा न सापडो, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक उपलब्ध आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना ससा झाकलेल्या टोपलीत, गवतासह न्यावा आणि दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या रांगेपासून दूर बसावे.